बाईंच्या पुस्तकातलं माझं पान

सोमवार, १५ जानेवारी २०२४

आजपासून पुन्हा नोकरी. लायब्ररीचे तास कौन्सिलनं कमी केले आणि माझी तिथली नोकरी गेली, त्याला आठ महिने झाले, आणि एवढ्या दिवसांत घरी बसून मी काय केलं ते मलाच सांगता येणार नाही. म्हणून ही वही. निदान दिवस गेल्याची नोंद राहील.

काम टायपिंगचं आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी. डेलिया हॅस्किन नावाच्या अमेरिकन कादंबरीकार आहेत, अडुसष्ट वर्षांच्या. टॉटरडाउनच्या चढावर निळ्या रंगाच्या घरात एकट्या राहतात. चौदा वर्षांपूर्वी ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीत लेखन शिकवायला आल्या आणि इथेच राहिल्या. नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे तेव्हा मी त्यांची पहिली कादंबरी वाचली होती. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "त्यानंतर तू काही चांगलंही वाचलं असशील, अशी आशा करते."

डेलिया म्हण, असं त्यांनी सांगितलंय. तोंडानं म्हणते. पण मनात मात्र 'बाई'च येतं.

त्यांना शब्द सापडत नाहीत. आज 'केटल' सापडेना. "ते... पाणी रागावतं ते," म्हणाल्या. टाइप करायला गेल्या की अक्षरं उलटसुलट होतात. म्हणून मी.

निघताना त्यांनी माझा दंड धरला. "एकच नियम. मी म्हणेन तेच. चुकले तर चूक टाइप कर. नीटनेटकं करायला जाऊ नकोस."

मी हो म्हटलं. त्यात अवघड काय?


बुधवार, ३१ जानेवारी

बाईंचं आयुष्य तुकड्यातुकड्यांनी कळतंय. नेब्रास्कात चारशे वस्तीचं गाव. वडील धान्याच्या कोठारावर कामाला, आणि पिणारे. बाईंनी एकतिसाव्या वर्षी पहिली कादंबरी लिहिली ती त्यांच्यावर. गावात पुस्तकाची एकच प्रत आली, ती सगळ्या गावानं वाचली. वडील नंतर नऊ वर्षं जगले, पण बाईंशी बोलले नाहीत.

दुसरं पुस्तक कुणी वाचलं नाही. तिसऱ्यानं त्यांना मोठं केलं. त्यांची मुलगी टेस सोळाव्या वर्षी जेवेनाशी झाली. सात महिने हॉस्पिटलात होती. तिसरं पुस्तक त्या सात महिन्यांचं. बाईंनी मुलीचं नाव बदललं होतं: टेसचं बेस केलं. पुस्तकाला मोठं बक्षीस मिळालं. टेस तेव्हा कॉलेजात होती आणि हॉस्टेलवर शेजारच्या खोलीतली मुलगी ते वाचत होती. टेसनं आईला एक फोन केला, तो शेवटचा. त्याला एकोणीस वर्षं झाली. त्यानंतरची दोन पुस्तकं आली आणि गेली. मग प्रकाशकच विचारेनासे झाले.

आणि आता हे सहावं. तेही टेसवरच! मी विचारलं, पुन्हा का? "तिसऱ्यात मी स्वतःला वाचवलं होतं," बाई म्हणाल्या. "आता वाचवायचं नाही."

आज सांगितलेलं असं: 'मुलगी चौतीस किलोची झाली होती. मी तिच्या उशाशी बसून तिच्या मनगटासाठी उपमा शोधत होते. सापडली तेव्हा मला आनंद झाला.'

माझी बोटं थांबली. "पुढे?"

"पुढे काय? पूर्णविराम."

"नंतर वाईट वाटलं असेल ना तुम्हाला. ते घालायचं नाही?"

"वाईट वाटलं असतं तर पुस्तक लिहिलं असतं का? सॉरी म्हणणं सोपं असतं, नीना. मला तिला सॉरी द्यायचं नाही. जे घडलं ते द्यायचंय."

बसमध्ये बसून अख्खा रस्ता विचार करत आले. इतकी मोठी लेखिका, आणि आईचं मन असं कसं?


गुरुवार, २९ फेब्रुवारी

आज मुद्दाम बोलावलं होतं, कारण स्पीच थेरपिस्ट येणार होती. तरुण मुलगी. किचनमध्ये मला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं. या आजारात भाषा हळूहळू जाते; समज मात्र बराच काळ शाबूत राहते. त्यांना सगळं कळतंय असंच धरून वागा, म्हणाली. आणखी एक सांगितलं: हो आणि नाही यांची अदलाबदल होऊ शकते. मनात येस असतं आणि तोंडातून नो येतं. म्हणून खात्री करून घ्यायची. तिनं एक हिरवं आणि एक लाल कार्ड दिलं.

ती गेल्यावर बाईंनी दोन्ही कार्डं कचऱ्यात टाकली. "मी... ट्रॅफिक नाही," म्हणाल्या. दोघी खूप हसलो.

एकसष्ट पानं झाली. त्यांचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा आहे.


रविवार, १० मार्च

आज इथला मदर्स डे. ईशिताचा फोन बाराला आला. ती स्लाऊला नोकरीला आहे. दोन तासांच्या अंतरावर, पण दिवाळीनंतर आलेली नाही.

"आई, कार्ड पाठवलं होतं मी. पोचलं नाही?"

"पोचेल गं उद्या."

"ओके. बाबा कसे आहेत? चल, मला निघायचंय." सहा मिनिटं.

अजय म्हणाला, "तिचं वय आहे ते, नीना. तुझं आपलं प्रत्येक गोष्टीत." असेल. तो फिल्टनला विमानांचे पंख तपासतो, त्याला मोजता येतं तेवढंच खरं वाटतं.

लहानपणी ती मला सगळं सांगायची. तेरा वर्षांची असताना एकदा शाळेच्या पेरेंट्स ईव्हनिंगला मी साडी नेसून गेले, तर तिनं मैत्रिणींना सांगितलं की ही आमची शेजारीण आहे. रात्री माझ्या कुशीत शिरून रडली होती. मी त्यावर कथा लिहिली. एका दिवाळी अंकात आली, नागपुरात सगळ्यांना आवडली. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा आत्येभावंडं तिला 'शेजारणीची मुलगी' म्हणून हाक मारायची. चेष्टाच ती. त्यानंतर ती शाळेतलं काही सांगेनाशी झाली, पण ते वयच तसं असतं. माझी ती शेवटची कथा. अकरा वर्षं झाली.

बाईंच्या टेसनं मात्र फारच ताणलंय. एक सॉरी मिळालं असतं तर मुलगी केव्हाच आली असती, असं मला राहून राहून वाटतं.


शुक्रवार, २२ मार्च

आता वाक्य पूर्ण होत नाही. 'खिडकी... ती... पांढरं...' एवढं म्हणून बाई माझ्याकडे बघतात. मी विचारते, बर्फ? चादर? नर्स? कधी मान हलवतात, कधी डोळे मिटून घेतात. आज मी दोनतीन ठिकाणी शब्द भरले. वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत.

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. त्यांच्या वाक्यात माझा शब्द बसला. परतताना चढ उतरताना पाय हलके होते.


बुधवार, १७ एप्रिल

आज मोठं काम झालं. सविस्तर लिहून ठेवते.

सकाळपासून बाई अस्वस्थ होत्या. "टेस," म्हणाल्या. मग "मी... तू... मनगट." पुढे काही येईना. शेवटी मीच विचारलं, "टेसला काही सांगायचंय?"

"येस."

"सॉरी म्हणायचंय?"

"नो."

"म्हणजे, तिची माफी मागायची आहे का?"

"नो. नो. नो." त्यांनी तळहात टेबलावर आपटला. चहाचा मग कलंडला, सगळा चहा कीबोर्डजवळ आला. मी पुसायला धावले. थेरपिस्टचं बोलणं एकदम आठवलं. इतका जीव तोडून माणूस नाही कशाला म्हणेल? आतून हो होतं ते. तोंड साथ देत नव्हतं.

मी त्यांचा हात धरला. "कळलं मला," म्हटलं.

मग बसले आणि एका बैठकीत एक पान लिहिलं. मला थांबावंच लागलं नाही. 'टेस, मला माफ कर. तुझ्या उशाशी आई बसायला हवी होती, तिथे लेखिका बसली. तुझं दुखणं माझं नव्हतं, मी ते जगाला वाटून टाकलं.' असं पूर्ण पान. मग त्यांना वाचून दाखवलं. बाई माझ्याकडे खूप वेळ बघत राहिल्या, मग खिडकीकडे तोंड केलं. गालावरून पाणी वाहत होतं.

बाईंच्या टेबलावर सॉलिसिटरचं, म्हणजे वकिलाचं, पाकीट होतं, त्यावर टेसचा ईमेल होता. मी पान पाठवून दिलं. बाईंच्या नावानं, खाली 'नीनाच्या हातून' असं लिहून.


शुक्रवार, १९ एप्रिल

बाईंनी आज काही सांगितलं नाही. मी खुर्ची ओढून बसले तर त्या उठून बागेच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. परवाचा थकवा असणार.


सोमवार, २९ एप्रिल

आजही काही नाही. लॅपटॉप उघडला की त्या हात मांडीखाली घेतात.


शुक्रवार, ३ मे

टेसचं उत्तर आलं! दोनच ओळी: 'पान वाचलं. वीस तारखेला येते.'

बाईंना सांगितलं तेव्हा त्या उभ्याच होत्या, एकदम खाली बसल्या. दोन्ही हात केसांवरून फिरवले, जणू पाहुणे दारातच आहेत. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर काय होती ते मला अजून कळत नाही. आनंदच असावा.

बाईंच्या पुस्तकांचा व्यवहार बघणाऱ्या लंडनच्या एजंटबाई या पुस्तकाचं विचारत होत्या, त्यांनाही ते पान पाठवलं होतं. त्या लिहितात: 'फार हृद्य. डेलियाचं वाटत नाही. पण म्हणूनच लोक वाचतील.'

हे कौतुक का टोमणा? अजयला विचारलं. म्हणाला, "तुझं नाव आहे का त्यावर? नाही ना? मग कशाला विचार करतेस?"


सोमवार, २० मे

टेस आली. चाळिशीची, उंच, ऑरेगनमध्ये दातांची डॉक्टर आहे. मी वाटेल ते कल्पलं होतं: मिठी, रडणं. तसलं काही झालं नाही. ती दारात बॅग ठेवून उभी राहिली. बाई हळूहळू तिच्यापर्यंत गेल्या. तिचा उजवा हात उचलला आणि आपला अंगठा आणि मधलं बोट तिच्या मनगटाभोवती घालून बघितलं. बोटं एकमेकांना टेकली नाहीत. बाईंच्या घशातून एक आवाज आला.

टेसनं हात काढून घेतला. "मी बरी आहे, मॉम," म्हणाली. "कधीचीच."

नंतर दोघी सोफ्यावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा ठेवून. टेस आपल्या मुलीचे फोटो दाखवत होती. मुलगी सात वर्षांची आहे. बाईंना नात आहे हेच माहीत नव्हतं.

मी दुपारीच निघाले. एवढं तर माझ्या हातून झालं.


शुक्रवार, २४ मे

चार दिवस बघतेय. टेस आईला भरवते, केस विंचरते, आणि हे सगळं माझ्या पानामुळे. ज्याच्यावर विश्वास ठेवून ती आली ते खरं नाही, हे तिला कळायला नको का? आज किचनमध्ये ती कप विसळत होती तेव्हा सांगून टाकलं.

"टेस, ते पान मी लिहिलं."

"माहीत आहे मला." तिनं नळ बंद केला. "दुसऱ्या ओळीला कळलं. माझी आई असं लिहिणारी नाही."

"मग तुम्ही आलात कशा?"

तिनं कप पुसायला घेतला आणि पुसतच राहिली. "ते पान वाचलं आणि समजलं की तिला आता लिहिता येत नाही. कुणीतरी दुसरंच तिच्या नावानं लिहितंय आणि ती त्या माणसाला अडवू शकत नाही. तिच्या हातात असतं तर असं पान तिनं कधी जाऊ दिलं नसतं. नीना, मी एकोणीस वर्षं तिच्यासमोर बसायला घाबरत होते. मी रडले, हसले, मुलीला ओरडले, काहीही केलं तरी ते कुठल्यातरी पुस्तकात येणार. आता येणार नाही. आता ती नुसती माझी आई आहे."

मी तिच्या हातातला कप घेऊन रॅकवर ठेवला.

मग तिनं विचारलं, "बाकीची पानं आहेत ना? खरी?"

मी फेब्रुवारीपर्यंतची छापलेली एकसष्ट पानं दिली. ती बागेत बाकावर बसून वाचत होती. दोन तास उठली नाही. परत आली तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. "ही तिचीच आहेत," म्हणाली. "चांगली आहेत. तिचं सगळ्यात चांगलं लिखाण असेल." फाइल टेबलावर ठेवली. "माझी मुलगी वाचायला लागली आहे. तिनं हे कधीही वाचायचं नाही. आईच्या वतीनं ठरवायचा हक्क म्हणून सॉलिसिटरच्या कागदावर माझं नाव आहे. वीस वर्षांपूर्वीचं. आईनं ते बदललंच नाही."

"पण त्यांनी यात स्वतःलाही सोडलेलं नाही," मी म्हटलं. "तुम्हाला जे घडलं ते द्यायचं होतं त्यांना."

"जे घडलं ते मला माहीत आहे," टेस म्हणाली. "मी तिथे होते."


शनिवार, २५ मे

ती म्हणाली, कुणीतरी लिहितंय आणि ती अडवू शकत नाही. दिवसभर भांडी, कपडे, सगळं करताना तेच कानात. बाईंनी तळहात टेबलावर आपटला होता. तीन वेळा नो म्हणाल्या होत्या. समज शाबूत राहते, हेही त्याच मुलीनं सांगितलं होतं, त्याच किचनमध्ये. मी त्यातलं मला हवं तेवढंच घेतलं.


सोमवार, ३ जून

बाईंना केअर होममध्ये ठेवायचं ठरलंय, जुलैपासून. मेडनहेडजवळ, नदीकाठी. टेस दर वर्षी दोनदा येणार म्हणते.

आज ती म्हणाली, पानांचं आजच करून टाकू. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या. टेस त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. अगदी मऊ आवाजात बोलली, मुलांशी बोलतात तसं.

"मॉम, ती पानं मी काढून टाकते आहे. चालेल ना तुला?"

बाईंचे ओठ हलले. "येस."

टेसनं त्यांचा गुडघा थोपटला.

"येस," बाई म्हणाल्या. "येस. येस." तळहात खुर्चीच्या हातावर आपटत होता. नजर माझ्यावर होती, टेसवर नव्हे. मी सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की यांच्या येसचा अर्थ मी लावते, थांबा? एप्रिलमध्ये मी तोच धंदा केला होता.

मी गप्प राहिले. टेसनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि मीच फाइल काढून टाकली. मग रिसायकल बिनमधूनही. पानांची नक्कल असलेला पेन ड्राइव्ह तिनं खिशात टाकला. छापलेली पानं तिनं सिंकमध्ये ओली करून लगदा केली. जाळली असती तर धुराचा अलार्म वाजला असता. बाई सगळं बघत होत्या. शेवटी आवाज थांबला, हात मांडीवर पडला.

"ते एक पान राहू दे," टेस जाताना म्हणाली. "एजंटला हवंय. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही."


रविवार, १८ ऑगस्ट

अजय आणि मी मेडनहेडला जाऊन आलो. बाईंची खोली स्वच्छ आहे. कुणीतरी त्यांच्या नखांना गुलाबी रंग लावला होता. त्यांनी आयुष्यात कधी लावला नसेल. मी आत गेल्यावर बाईंनी भिंतीकडे कूस केली. नर्स म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका, त्या सगळ्यांशीच असं करतात." पण आधी दारात आलेल्या सफाईवालीकडे बघून त्या हसल्या होत्या. मी पाहिलं होतं.

पंधरा मिनिटं त्यांच्या पाठीकडे बघत बसले. अजयनं गाडीत हीटर लावला. ऑगस्टमध्ये.


गुरुवार, १२ सप्टेंबर

पान छापून आलं, एका अमेरिकन मासिकात, डेलिया हॅस्किन यांचं शेवटचं लेखन म्हणून. चाळीस वर्षं कुणाचीही भीड न ठेवणाऱ्या लेखिकेचं हृदय अखेर उघडलं, असं वर लिहिलंय. लोक एकमेकांना पाठवतायत. कुणीतरी नागपूरच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं. 'वाचून रडले,' असं माझ्याच जुन्या सहकारी वीणानं खाली लिहिलंय. मी त्यावर अंगठ्याचा इमोजी टाकला.

दुपारी ठरवलं, की ती एकसष्ट पानं पुन्हा लिहायची. मीच टाइप केली होती, चार चार वेळा वाचली होती, डोक्यात असणारच. टेसला कळणार नाही, कुणालाच दाखवायची नाहीत. फक्त असावीत. कुठेतरी असावीत.

बसले. हॉस्पिटलातला मंगळवार. नर्स सूपचा ट्रे ठेवून जाते. मुलगी भिंतीला टेकून बसलेली. इथपर्यंत नीट आलं. पुढचं बाईंचं वाक्य आठेक शब्दांचं होतं. मला त्याची लांबी आठवते, शेवटचा शब्द कुठे आपटतो ते आठवतं, पण वाक्य येत नाही. मी एक लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं. प्रत्येक वाक्य हातातून मऊ होऊनच बाहेर येत होतं.

चौथ्या पानावर थांबून वाचून बघितलं. माझ्या पानात आई चमचा पुढे करते आणि मुलगी दोन घोट सूप पिते. मी तसं ठरवून लिहिलं नव्हतं. हात आपसूक तिकडे गेला होता.

बाईंच्या पानात त्या मंगळवारी ती काहीच खात नाही.